एकेचाळीस नंबरची बदली

सकाळी सातला मुकादम वही उघडायचा आणि नंबर पुकारायला लागायचा. रोपवाटिकेत नावानं कोणी कोणाला ओळखत नाही. हिरव्या जाळीखाली बावीस पाट ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येक पाटाला रंगानं नंबर घातलेला. सात नंबरचा पाट अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्या पाटावर बसून पेरूची कलमं करत आले.

"सात नंबर?"

"हजर," मी म्हणाले.

मुकादमानं चष्म्यावरून बघितलं. "अण्णा कुठाय?"

"बदली आहे मी."

"अंगठ्याचं काय झालं?"

"पाच टाके पडले. आतली शीर कापलीय म्हणतात."

"बस," तो म्हणाला आणि वहीत सातच्या पुढे टिंब केलं.

बदलीचा नियम आमच्याकडे कागदावर नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे. पाट माणसाचा नसतो, घराचा असतो. घरातलं माणूस आजारी पडलं तर घरातलंच दुसरं येऊन बसतं, उघडपणे सांगून बसतं, आणि ती हजेरी घराची धरतात. संध्याकाळी बदलीवाल्यानं मूळ माणसाला सगळं सांगायचं असतं. कुठली ओळ झाली, काड्या कशा होत्या, चाकूला धार कमी होती का, सगळं. पाट तीन दिवस रिकामा राहिला तर मात्र तो दुसऱ्या घराला जातो, आणि मग परत मिळत नाही.

त्या वर्षी ऊन महिनाभर आधी आलं. कलमाच्या काडीचा डोळा फुगलेला लागतो, पण फुटलेला चालत नाही. डोळे भराभरा फुटायला लागले आणि दहा आठवड्यांचं काम आठ आठवड्यांत उरकायची वेळ आली. नेमका तेव्हाच अण्णांचा चाकू निसटला. सोमवार ते बुधवार त्यांच्या पाटावर आई बसायची. गुरुवारपासून ती दवाखान्याच्या फरश्या पुसायला जायची आणि ते काम तिला सोडता येण्यासारखं नव्हतं. उरले मी. आणि माझं कॉलेज.

कॉलेजनं त्याच सत्रात मिश्र पद्धत आणली होती. बाकीचे विषय सोमवार ते बुधवार वर्गात आणि वनस्पतिशास्त्र गुरुवार ते शनिवार, रोज एक तास, फोनवर. झाडं फोनवर का, हे कोणी विचारलं नाही. आम्ही नव्या पद्धतीला बुजू नये म्हणून एक शिबिर मात्र घेतलं. दोनशे जणांना एका हॉलमध्ये कोंबलं, पंखे बंद होते, आणि समन्वयक मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं. एक मुलगी खिडकीशी बसलेली, पुढ्यात टेबल, टेबलावर कप, कपाशेजारी कुंडी.

"पहिली गोष्ट," मॅडम म्हणाल्या, "घरातली एक शांत खोली निवडा."

मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, खोली एकच असेल तर?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या. "मग तीच निवडा."

शेवटी एक पत्रक वाटलं. तुम्हाला या पद्धतीत किती सहज वाटतं? खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. माझ्या शेजारणीनं चौथ्यावर खूण केली म्हणून मीही चौथ्यावर केली. त्या खुणेची मला आजही चीड येते. मनात एक आणि कागदावर दुसरं, ही सवय मला त्या शिबिरानं लावली.

घरात फोन एकच. रेंज घरात नाही, अंगणात नाही. घरामागं पाण्याच्या टाकीवर चढायला लोखंडी जिना आहे, त्याच्या चौथ्या पायरीवर येते. तिसरीवर येत नाही, पाचवीवर जाते. तासाला तीनदा कधीही पडद्यावर 'मी आहे' असं बटण उगवायचं. एका मिनिटात दाबलं नाही तर गैरहजर. हजेरी शंभरातली पंचाहत्तर भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

बुधवारी संध्याकाळी अण्णा बँडेज बांधलेला अंगठा छातीशी धरून ओट्यावर बसले होते. मी रडवेली झाले होते. पाट सोडावा तर घराचा पाट जातो, तास सोडावा तर माझा विषय जातो.

"एवढं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "तू माझ्या जागी बस, मी तुझ्या जागी बसतो."

"अण्णा, कॉलेजात बदली चालत नाही."

"कोणी सांगितलं? विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. विचारायची छाती नव्हती. मी एवढंच म्हणाले, "कॅमेरा बंद ठेवा, माइक बंद ठेवा. बटण आलं की दाबा. दुसरं काही करू नका."

त्यांनी मान हलवली. अण्णांच्या मान हलवण्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक.

पाच आठवडे असं चाललं. गुरुवार ते शनिवार मी सात नंबरच्या पाटावर. उजवीकडे खुंटांच्या, म्हणजे मुळासकट रोपांच्या पिशव्या, डावीकडे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. खुंट छाटायचा, मधोमध चिरायचा, काडीला दोन्हीकडून तिरका छाट देऊन पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची. शेवटची गाठ मी डावीकडून घालते, कारण मी डावखुरी आहे. बावीस पाटांत तशी गाठ दुसऱ्या कोणाची नाही. दुपारपर्यंत पट्टी बोटांच्या पेरांत रुतायची. घरी आले की मी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची आणि अण्णा समोर बसून दिवसाचा हिशेब द्यायचे. बदलीवाल्यानं द्यायचा तसाच.

"आज पानांचं होतं. पानाला खालच्या अंगानं तोंडं असतात म्हणे. बारीक बारीक, डोळ्याला न दिसणारी. उजेडात उघडतात, फार तापलं की मिटतात." ते तळहात उलटा करून दाखवायचे. "मला इतकी वर्षं वाटायचं, पान वरून श्वास घेतं."

खताच्या पिशवीच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं ती तोंडं काढलेली असायची. डाव्या हातानं कागद धरता येईना म्हणून तो गुडघ्याखाली दाबून काढलेली. अक्षरं वाकडी, पण एक शब्द गाळलेला नसायचा. माझ्या वर्गातल्या निम्म्या जणांना पडदा चालू करून झोपायची सवय होती. माझ्या बापानं उन्हात, लोखंडी पायरीवर बसून, वनस्पतिशास्त्राचं एक मिनिट चुकवलं नाही. हे मी अभिमानानं सांगते आहे असं वाटलं तर तसं समजा. मला राग आहे, आणि तो याच गोष्टीवरून आहे.

पाचव्या आठवड्यातला शनिवार. दुपारच्या सुट्टीत नऊ नंबरची मावशी फोन घेऊन माझ्याकडे आली. तिची भाची माझ्याच वर्गात होती.

"हे तुझे अण्णा ना ग?"

चाळीस सेकंदांची चित्रफीत होती. साठ चौकोनांपैकी एक मोठा झालेला. त्यात अण्णा. दाढी केलेली, मिशा विंचरलेल्या, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं, डोळ्यांवर ऊन आलेलं, मागं टाकी. शेजारच्या चौकोनात सरांनी काढलेलं चित्र होतं. जाड खुंट, मधे चीर, आणि बारीकशी काडी चिरेच्या बरोबर मधोमध खोचलेली.

"काडी अशी मध्यभागी, सरळ," सर सांगत होते. "दोन्ही बाजूंना सारखं अंतर."

"मधोमध नको, सर," अण्णांचा आवाज आला. "काडी बारीक असली की एका अंगाला सरकवायची. साल सालीला भिडली पाहिजे. मधे ठेवली तर वाळते."

मग सर म्हणाले, "कोण बोलतंय?"

"एकेचाळीस नंबर."

"एकेचाळीस तर मुलगी आहे. तुम्ही कोण?"

"तिचा बाप. बदली आहे मी तिची. ती कामावर गेलीय, माझ्या जागी." आणि अण्णा हसले. मुकादमाला सांगावं तितक्या सरळपणे त्यांनी सांगितलं, आणि आता मुकादमासारखाच कोणीतरी 'बस' म्हणेल याची वाट बघत राहिले.

मग साठ चौकोनांतून हसू फुटलं. चित्रफीत तिथेच संपत होती. कोणीतरी तिच्याखाली लिहिलं होतं, आजोबा प्रथम वर्ष.

मावशीनं फोन मागं घेतला. "चांगलंच सांगितलं की त्यांनी. हसतात कशाला?"

उरलेला दिवस मी कशी कलमं बांधली ते मला आठवत नाही. घरी गेले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते आणि आई त्यांच्या पुढ्यात उभी होती.

"कॅमेरा का लावला?" मी ओरडले. "मी काय सांगितलं होतं?"

"तोंड लपवून हजेरी कशी लागेल?" अण्णा म्हणाले.

"कधी लावला? आजच?"

"पहिल्या दिवसापासून लावतोय."

पंधरा तास. पंधरा तास हा माणूस सगळ्यांसमोर उघड्या चेहऱ्यानं बसला होता. कोणी विचारलं नाही की बाबा, तू कोण? कोणी बघितलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि सरांना चूक दाखवली तेव्हा कुठे त्यांना चेहरा आला.

पण हे तेव्हा मला सुचलं नाही. तेव्हा मला नुसती लाज वाटत होती. मी म्हणाले, "तुम्हाला गप्प बसवत नव्हतं का? एवढं काय अडलं होतं?"

"अग, काडी वाळली असती," ते म्हणाले.

"पडद्यावरची काडी, अण्णा! चित्रातली!"

त्यांनी अंगठा छातीशी धरला आणि मान खाली घातली.

सोमवारी कॉलेजच्या जिन्यात मुलींनी वाट अडवून विचारलं, आजोबा आले नाहीत का? वरांड्यात सरांनी थांबवलं. सर उंच, कडक इस्त्रीचे. त्यांचा चेहरा हसू पचवून बसलेल्या माणसासारखा नव्हता, सगळे आपल्यालाच हसले असं वाटणाऱ्या माणसासारखा होता.

"तुला माहीत होतं?"

आजूबाजूला दहा-बारा जणी कान टवकारून उभ्या होत्या.

"नाही, सर," मी म्हणाले.

एक शब्द. तो तोंडातून गेला तेव्हा काही जड गेला नाही. संध्याकाळी अण्णांनी कसं झालं विचारलं तेव्हा मी त्यांना तो सांगितला. ते म्हणाले, "बरोबर केलंस."

त्या एका शब्दावर कॉलेजनं अख्खा कागद उभा केला. माफीनाम्यावर सही करायची आहे असा निरोप देऊन गुरुवारी आम्हा दोघांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. खोलीत चार खुर्च्या होत्या. एकीवर सर, एकीवर समन्वयक मॅडम, एक मला दाखवली. चौथीवर पत्रकांचा गठ्ठा ठेवलेला होता, पाच चेहऱ्यांच्या पत्रकांचा. तो उचलावा असं कोणालाही वाटलं नाही. अण्णा दाराशी, पायपुसण्याच्या पलीकडे उभे राहिले. तोच पांढरा शर्ट. मग मीही बसले नाही.

प्राचार्य भले गृहस्थ दिसत होते. असले भले लोक फार हळू बोलतात.

"मुलीचं नुकसान व्हावं अशी आमची इच्छा नाही," ते म्हणाले. "तिनं फक्त लिहून द्यायचं आहे. मजकूर मॅडमनी तयार केलाय."

मॅडमनी कागद पुढे सरकवला. माझ्या वडिलांनी माझ्या नकळत माझ्या जागी तोतयेगिरी करून महाविद्यालयाची फसवणूक केली, त्याबद्दल मी त्यांच्या वतीनं माफी मागते. खाली सहीची रेघ.

"सही केलीस की परीक्षेचं पत्र आजच मिळेल," मॅडम म्हणाल्या. आवाज शिबिरातलाच, गोड. "टेन्शन घेऊ नकोस."

"करून टाक," अण्णा दारातून म्हणाले.

आदल्या दिवशी आईही हेच म्हणाली होती. "बापाची अब्रू काय कागदावर असते? तुझं वर्ष जाईल. कर सही आणि मोकळी हो." मीही करायच्या तयारीनंच आले होते, खोटं कशाला सांगू? पेन हातात घेतलं होतं. पट्टीनं सोललेल्या बोटांना ते टोचत होतं. 'नकळत' या शब्दाशी मी आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "मला माहीत होतं. मीच त्यांना बसवलं."

सर पुढे झुकले. "सोमवारी तू नाही म्हणालीस."

"सोमवारी मी खोटं बोलले."

"म्हणजे दोघांनी मिळून फसवलं."

"फसवायचं असतं तर कॅमेरा बंद ठेवला असता, सर. निम्मा वर्ग ठेवतो. अण्णा पंधरा तास तोंड दाखवून बसले. आणि बाहेर फळ्यावर मॅडमनी अहवाल लावलाय, मी आत्ता वाचला. वनस्पतिशास्त्र, शंभर टक्के उपस्थिती, रोज चेहरे पडताळले. रोजच्या नोंदीखाली तुमची सही आहे. तुम्ही पंधरा वेळा सही केलीत. मग माझा चेहरा कसा होता, सर? मला मिशा होत्या का?"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. सरांचे कान लाल झाले. प्राचार्यांनी फाइल मिटली, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?"

"वडीलधारे दारात उभे आहेत," मी म्हणाले. "त्यांना कोणी बसा म्हणालं नाही."

आतून सुटल्यासारखं वाटलं. पण तेवढंच. पाच मिनिटांत त्यांनी निकाल दिला. पंधरा तासांची हजेरी रद्द. वनस्पतिशास्त्राचा पेपर या वर्षी नाही, पुढच्या वर्षी पहिल्यापासून, त्याच सरांकडे. बाकीचे पेपर देता येतील. फळ्यावरचा अहवाल मात्र सत्र संपेपर्यंत तसाच होता.

बाहेर आल्यावर अण्णा माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले. फाटकाशी थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "मला कुठं लागत होतं ते? तोतया म्हटलं असतं तर काय झालं असतं? तुझा विषय गेला."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? मी पंधरा दिवस शिकलो ना त्यात!" ते ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "पानांची तोंडं शिकलो, मुळांचं शिकलो, सगळं तुला आणून दिलं. आता कुठं लिहिणार तू ते?"

मी त्यांना कधी असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

बँडेज सुटल्यावर अण्णा पाटावर परतले, पण अंगठा पेरातून वाकेना. ते काडी दोन बोटांत धरून छाट द्यायचे. वेग निम्म्यावर आला. गुरुवारपासून मला आता तास नव्हता, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून बांधायची. ते कापणार, मी बांधणार. मुकादमानं दोघांना मिळून एक पाट धरला आणि वर काही बोलला नाही. त्या भल्या गृहस्थांच्या खोलीपेक्षा मुकादमाच्या खेकसण्यात जास्त माणुसकी आहे हे मला तेव्हा कळलं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजची बस रोपवाटिकेच्या फाटकात उभी राहिली. क्षेत्रभेट. मिश्र पद्धतीत तीही होती. माझाच वर्ग उतरला, स्वच्छ बूट, हातात फोन. पुढे सर. जाळीखाली आल्यावर त्यांना आम्ही दिसलो आणि त्यांनी नजर दुसऱ्या टोकाला नेली. सगळ्यांच्या फोनवर 'मी आहे' उगवलं, सगळ्यांनी दाबलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. माझी हजेरी नव्हती.

"कलम कसं करतात ते पोरांना दाखवायचंय ना?" मुकादम म्हणाला. "हा सात नंबर सगळ्यांत जुना. अण्णा, दाखव."

काही जणांनी अण्णांना ओळखलं. हसू पसरायला लागलं.

"नको," सर म्हणाले. "मी स्वतः दाखवतो."

त्यांनी अण्णांकडे हात केला. अण्णांनी चाकू पुसला आणि मुठीकडून पुढे केला. सरांनी एक जाड खुंट निवडला, छाटला, चिरला. हात कच्चा नव्हता, हे कबूल करायला हवं. मग एक बारीक काडी घेतली, पाचर केली आणि चिरेच्या बरोबर मधोमध बसवली. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. साठ फोन त्यावर रोखलेले.

मी अण्णांकडे बघितलं. ते त्या काडीकडे बघत होते. त्यांचा जबडा हलला. 'सरकवा', एवढा एकच शब्द होता तो. सरांना पुरला असता, काडीलाही पुरला असता. मी वाट बघितली.

अण्णांनी खाली बघितलं आणि गोणपाटाची घडी सारखी करायला लागले.

"बांधेल का कोणी?" सरांनी विचारलं.

मुकादमानं मला खुणावलं. मी पट्टी ताणून ते चुकलेलं कलम पक्कं बांधलं, डावीकडून गाठ घातली, आणि सगळ्यांनी फोटो काढले. त्या कलमाला सरांच्या हातची चिठ्ठी लावली.

बस गेली. धूळ खाली बसायच्या आत अण्णांनी ती पिशवी ओढून घेतली, माझी गाठ सोडली, पट्टी उलगडली आणि काडी अंगठ्याच्या ताठ टोकानं एका अंगाला सरकवली. साल सालीला भिडली.

"वाळू द्या ना!" मी म्हणाले. "त्यांना कळू दे! अण्णा, वाळू द्या ते!"

"काडीनं काय केलंय?"

"मग तेव्हा का नाही बोललात? सगळ्यांसमोर?"

त्यांनी काडीवरची धूळ फुंकली. मग म्हणाले, "बोललं की तुझं जातं."

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. मी पुन्हा पट्टी बांधली. पुन्हा डावीकडून गाठ घातली. वर्गात लक्ष दे म्हणतात, उत्तर द्यायला शीक म्हणतात. अण्णांना कॉलेजनं गप्प बसायला शिकवलं. दुसरं काही शिकवलं असेल तर मला दाखवा.

ते कलम जगलं. मुकादमानं फोटो काढून कॉलेजला पाठवला, कारण कॉलेजनं मागितला होता. फळ्यावर लागला.

पुढच्या वर्षी हंगामाला आठवडा असताना वनस्पतिशास्त्र पुन्हा सुरू झालं. गुरुवार, चौथी पायरी. मी एकेचाळीस नंबरच होते, फक्त वर्ग नवा, चेहरे नवे. अण्णा दोन पायऱ्या खाली बसून दगडावर चाकूला धार काढत होते. हिशेब द्यायचं काम आता नव्हतं, तरी ते तासाला तिथे येऊन बसायचे. ऐकू येत होतं तेवढं ऐकायचे.

पडद्यावर फोटो आला. हिरवीगार फूट आलेलं कलम, खाली सरांची चिठ्ठी, आणि पट्टीवर डावीकडून घातलेली गाठ.

"हे मी स्वतः क्षेत्रभेटीत केलेलं कलम," सर म्हणाले. "यावरून काय कळतं? काडी बरोबर मधोमध ठेवली की यश शंभर टक्के. लिहून घ्या."

खाली धारेचा आवाज थांबला.

मी माइक चालू केला. कॅमेरा चालू केला. "सर, एकेचाळीस नंबर."

सर कॅमेऱ्याजवळ झुकले. "काय?"

"ती काडी मधोमध नाही. रोपवाटिकेला फोन करा आणि त्या कलमाचा जोड बघायला सांगा. एका अंगाला आहे. तुम्ही मधेच ठेवली होती. तुमची बस गेल्यावर ती सरकवली, म्हणून जगली. पट्टी माझी आहे, गाठ माझी आहे."

"कोणी सरकवली?"

मी फोन खाली वळवला. अण्णांनी घाईनं पाठ फिरवली, बँडेज कधीच सुटलेला तो अंगठा चेहऱ्यापुढे धरला आणि कुजबुजले, "बंद कर. विषय जाईल. बंद कर म्हणतो ना!"

"अण्णा," मी म्हणाले, "तोंड लपवून हजेरी कशी लागेल?"

ते थांबले. पाठमोरेच बसून राहिले. फोनमधून सर काहीतरी म्हणत होते, माझा नंबर त्यांनी दोनदा पुकारला. या वेळी त्या चौकोनांत कोणी हसत नव्हतं. मग अण्णांनी चाकू मिटला, खाली ठेवला आणि वळले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं. ताठ अंगठ्यानं त्याला वेळ लागला. तोवर पडद्यावर 'मी आहे' उगवलं होतं.

मी फोन त्यांच्यापुढे धरला.